इकॉलॉजी शिकून गोव्यात पोट भरतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस माझा फोन वाजत असतो. साखळी, वाळपई, फोंडा, कधी पेडणे. बोलणारे बहुतेक आईबाबा असतात आणि मुलगा किंवा मुलगी मागून काहीतरी पुटपुटत असते. मी प्राणिशास्त्रात बीएस्सी आणि मग एमएस्सी केलं. आता सर्वेक्षणाची कामं घेते आणि मधल्या काळात तासिका तत्त्वावर शिकवते. इकॉलॉजीबद्दल, म्हणजे सजीव आणि त्यांच्या परिसराच्या नात्याच्या अभ्यासाबद्दल, तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

नुसत्या बीएस्सीवर नोकरी मिळते का?

मिळते, पण घरच्यांच्या मनातली ती नसते. गोव्यात संशोधन संस्थांची कमी नाही. दोनापावलाला १९६६ पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोत सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, जुने गोव्याला किनारी शेतीची केंद्रीय संस्था आहे. या ठिकाणी बीएस्सीवाल्यांसाठी प्रकल्प सहायकाची पदं निघतात. २०२० च्या केंद्र सरकारच्या आदेशात या पदाचा दर महिना २०,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता असा ठरवला होता. पद मात्र कंत्राटी असतं. प्रकल्प संपला की नोकरी संपली, आणि प्रकल्प संपायचा दिवस पहिल्याच दिवशी ठाऊक असतो.

आता शेजारच्या घरातला मुलगा पाहा. त्यानं रसायनशास्त्र किंवा मायक्रोबायोलॉजी घेतलं. वेर्णा किंवा कुंडईच्या औषध कंपनीत तो क्वालिटी कंट्रोलला चिकटतो, शिफ्ट करतो आणि दोन वर्षांत स्कूटर सोडून गाडी घेतो. इकॉलॉजीवाल्यासाठी अशी तयार खुर्ची मांडलेली नसते. हे घरी आधीच बोलून घ्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाला रडारड होत नाही.

गोव्यात ‘इकॉलॉजी’ नावाची पदवी कुठे मिळते?

इथे बहुतेक मुलं वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी करतात आणि इकॉलॉजी त्यातले काही पेपर म्हणून शिकतात. पालकांना हे कमीपणाचं वाटतं. राज्याबाहेरच्या एखाद्या खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक दाखवून ते म्हणतात, “बघा, इथे थेट पर्यावरणाची पदवी आहे. नाव तरी आधुनिक!”

नावाचीच तर गोची आहे, म्हणून इथे जरा थांबते. भारतीय वन सेवेची परीक्षा घ्या. तिच्या पात्रतेत विषयांची यादी दिलेली आहे: पशुसंवर्धन व पशुवैद्यकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र. यांतला किमान एक विषय पदवीला हवा, नाहीतर पदवी कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची हवी. यादीत ‘इकॉलॉजी’ नाही आणि ‘पर्यावरणशास्त्र’ही नाही. जंगल सांभाळायच्या नोकरीला गणिताची पदवी चालते, पण फक्त पर्यावरणाची चालत नाही. हसू नका, माझ्या ओळखीच्या एका मुलाला हे ऑनलाइन फॉर्म भरताना कळलं. तोवर पदवीदान होऊन फोटो फ्रेम करून झाला होता.

शिक्षकाच्या नोकरीतही तीच तऱ्हा. उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवायचं तर जाहिरातीत बहुधा वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र असंच छापलेलं असतं. छाननी करणारा कारकून तुमच्या पेपरांचे विषय वाचत बसत नाही, गुणपत्रिकेवरचं नाव बघतो. म्हणून माझा सल्ला असा: मेजर, म्हणजे मुख्य विषय, जुन्या नावाचा घ्या, मायनरला, म्हणजे जोडविषयाला, पर्यावरण किंवा भूगर्भशास्त्र जोडा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तशी सोय आहे.

वन सेवेत खरंच जाता येतं का?

जाता येतं. सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे. पण देशभरात मिळून अलीकडे वर्षाला साधारण दीडशेच जागा निघतात आणि पूर्वपरीक्षा नागरी सेवेवाल्यांबरोबर एकत्रच होते. गोवा ज्या केडरमध्ये, म्हणजे नेमणुकीच्या राज्यगटात, येतो त्यात अरुणाचल, मिझोराम आणि इतर केंद्रशासित प्रदेशही आहेत. त्यामुळे “लेक मोलेच्या अभयारण्यात साहेब होऊन बसेल” हे स्वप्न आयझॉलला जाऊन पोचू शकतं. प्रयत्न जरूर करावा, पण पदवीची किंमत त्यावरून ठरवू नये.

मग या शिक्षणात पैसा येतो तरी कुठून?

कायद्यातून. झाडांवर प्रेम आहे म्हणून कुणी पगार देत नाही. कुठल्यातरी कायद्यात ‘अमुक अहवाल जोडल्याशिवाय परवानगी नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि त्या अहवालासाठी कुणालातरी चिखलात उतरावं लागतं म्हणून पगार मिळतो.

गोव्याचंच बघा. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाण लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. ट्रक थांबले, बार्ज थांबल्या, डिचोली-सत्तरीतली कितीतरी घरं हप्त्यांत अडकली. पुढे २०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि उच्च न्यायालयानं सांगितलं की नव्या पट्टेदारांना पर्यावरणीय मंजुरी नव्यानं घ्यावी लागेल. मंजुरी म्हटलं की २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण आघात मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पानं परिसराचं काय होईल याचा अभ्यास, आलं. त्यात परिसरातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद आली, आणि नोंद करायला आम्ही. किनाऱ्यावर सीआरझेड, म्हणजे किनारी पट्ट्यातल्या बांधकामावरचे निर्बंध, आहे, गावात जैवविविधता नोंदवही आहे, पाणथळ जागांचे नियम वेगळे. प्रत्येक नियमामागे थोडं थोडं काम आहे.

मात्र हे काम पावसाच्या ओहोळासारखं असतं, येतं तेव्हा लोंढा आणि नाही तेव्हा ठणठणाट. जैवविविधता नोंदवह्या हे त्याचं चांगलं उदाहरण. कायदा २००२ चा, पण वह्या वर्षानुवर्षं रखडल्या होत्या. मग हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि उशीर झाला तर राज्यांना महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड सांगितला. गोव्यात १९१ ग्रामपंचायती. एकाएकी सगळ्यांना गावातली झाडं, औषधी मुळ्या, भाताची वाणं, मासे ओळखणारी आणि म्हाताऱ्यांशी धड बोलू शकणारी माणसं हवी झाली. त्या हंगामात माझ्यासारख्यांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. मुदत गेली आणि फोनही थंडावले.

एका सर्वेक्षणाचे किती मिळतात?

ठरलेला दर नाही. माझ्या पहिल्या कामाचा हिशेब सांगते, तोच जास्त उपयोगी पडेल.

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बांधालगतच्या खारफुटीची पाहणी होती. दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन आखायचे, आतल्या प्रत्येक झाडाची जात लिहायची, खोडाचा घेर मोजायचा, रोपं वेगळी मोजायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. प्रत्यक्षात भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून पहाटे पाचला रायबंदरची फेरीबोट धरायची, ओहोटीचे तीन-चार तास मिळतात तेवढ्यात उरकायचं. नायलॉनची दोरी कांदळाच्या मुळांत अडकते. चिखल गुडघ्यापर्यंत, आणि एक चप्पल तिथेच कायमची राहते. तिवराचं पान जिभेला लावलं की खारट लागतं, अशा खुणांनी जात पक्की करायची. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पेन्सिल गळ्यात, कारण पेनाची शाई ओल्या कागदावर टिकत नाही.

असे अकरा दिवस मैदानात, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर, आणि सहा दिवस लिहिण्यात गेले. मी बिल लावलं अकरा दिवसांचं. लिहिण्याचे दिवस मोजायचे असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पेट्रोल, मदतीला घेतलेल्या माणसाची मजुरी, सगळं माझ्याच खिशातून. पैसे आले साडेचार महिन्यांनी, टीडीएस कापून. शिवाय अहवालात माझं नाव नव्हतं. ती सल्लागार संस्था कोणती ते सोडून द्या, तशा बऱ्याच आहेत.

तेव्हापासून काही गोष्टी मी कागदावर ठरवल्याशिवाय बाहेर पडत नाही: मैदानाचा दर आणि लेखनाचा दर वेगळा, प्रवासखर्च वेगळा, तीस टक्के आगाऊ, अहवालात नाव. पहिल्या वर्षी हे मागायची लाज वाटते. लाज वाटली की आपल्याच खिशाला खार लागतो.

अहवालावर सही कोण करतं? बीएस्सी झालेला करू शकतो का?

सहसा नाही. आघात मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला नॅबेट या राष्ट्रीय मंडळाची मान्यता लागते, आणि त्यात ‘इकॉलॉजी व जैवविविधता’ विषयाचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ असावा लागतो. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभव दोन्ही बघतात. म्हणजे बीएस्सीवाला चिखलात, एमएस्सीवाला सहीला. पैशाचा मोठा वाटा सहीकडे जातो.

खाणवाल्यांसाठी पाहणी करणं म्हणजे विकलं जाणंच ना?

हा प्रश्न मुलं विचारतात, पालक नाही. माझं मत वादग्रस्त आहे. पाहणी प्रामाणिक माणसानं केली नाही तर ती अप्रामाणिक माणूस करतोच. आपल्या पठारावर हिमालयातला पक्षी ‘आढळल्याचं’ एका अहवालात मी स्वतः वाचलं आहे, दुसरीकडची यादी जशीच्या तशी डकवलेली. त्यापेक्षा चिखलात गेलेल्या पोरीची यादी बरी. पण एक रेघ मी आखून घेतली आहे: सापडलेली जात यादीतून काढायला सांगितली, तर काम सोडायचं. एकदा सोडलंही. त्या महिन्यात हप्ता थकला, हे लपवत नाही. नुसती तत्त्वं सांभाळायची तर बँकेत तीन महिन्यांचा खर्च शिल्लक हवा.

एमएस्सी, पीएचडी केली तर आकडा बदलतो का?

बदलतो. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. पाच वर्षांची बेरीज करा: ८ लाख ८८ हजार अधिक १५ लाख १२ हजार, बरोबर २४ लाख. घरभाडे भत्ता वेगळा. शिकता शिकता एवढे पैसे पुष्कळ मुलांना कंपनीतही मिळत नाहीत. अडचण दोन ठिकाणी आहे. छात्रवृत्ती वेळेवर येईलच असं नाही, माझी स्वतःची एका संस्थेत असताना पाच महिने अडकली होती. आणि पीएचडी होईपर्यंत तिशी जवळ येते, तोवर भविष्यनिर्वाह निधीचा एक रुपया साठलेला नसतो.

परीक्षेबद्दल एक गोष्ट. सीएसआयआरची जीवविज्ञानाची नेट दिली तर इकॉलॉजी आणि उत्क्रांती हे एकूण तेरा घटकांतले दोनच. बाकी बहुतेक पेशी, रेणू, शरीरक्रिया. जंगलात रमणारी मुलं इथे आपटतात. त्यांच्यासाठी यूजीसी नेटचा पर्यावरणशास्त्र विषय आहे, त्यातूनही छात्रवृत्ती मिळते. गेट परीक्षेतही ‘इकॉलॉजी आणि उत्क्रांती’ हा स्वतंत्र पेपर आहे, पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असतानाच बसता येतं.

चौथं वर्ष करावं की तीन वर्षांत बाहेर पडावं?

संशोधनातच जायचं पक्कं असेल आणि गुण ७५ टक्क्यांच्या वर असतील तर करा. तेवढ्या गुणांवर चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, म्हणजे एमएस्सीपेक्षा एक वर्ष वाचतं. मात्र आघात मूल्यांकनाच्या किंवा शिक्षकाच्या वाटेला जायचं असेल तर एमएस्सीचा कागद जास्त चालतो.

बीएस्सीसाठी कर्ज काढावं का?

नाही. यात मी ‘परिस्थितीनुसार’ वगैरे म्हणत नाही. गोव्यातल्या महाविद्यालयात घरून कदंबा बसनं जाऊन शिकलात तर खर्च झेपण्यासारखा असतो. तीच पदवी बंगळुरू-पुण्याच्या खासगी विद्यापीठात वसतिगृहासकट घ्यायची तर काही लाख जातात, आणि शेवटी पगार तोच २०,००० चा असू शकतो. पैसे खर्चायचेच तर एमएस्सीवर खर्चा. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातला वन्यजीव अभ्यासक्रम, अशा जागी प्रवेश मिळाला तर तिथली ओळखपाळख पुढे जन्मभर काम देते. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. बँकेत जाण्याआधी तिचे चालू नियम बघा.

गोवा सरकारात काही मिळेल का?

पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणी येणं, हे आधी बघतात. मराठी येत असेल तर ‘इष्ट’ म्हणून धरतात. वनखातं, जैवविविधता मंडळ, मत्स्योद्योग, प्रदूषण नियंत्रण मंडळ अशा जागा आहेत, पण प्रदूषण मंडळाला बहुतेक रसायनशास्त्र किंवा पर्यावरण अभियांत्रिकीवाले लागतात. जाहिरातीतली पात्रता शब्द न् शब्द वाचा. वर्षानुवर्षं एकाच जाहिरातीची वाट बघणारी मुलं मी पाहिली आहेत. तोवर हाताशी दुसरं काम असू द्या.

कोणतं कौशल्य शिकलं तर पदवीला भाव येतो?

नकाशे. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. गावाचा सर्व्हे नंबर, ओढा, किनाऱ्याची भरतीरेषा एकावर एक मांडता आली की तुमचा दर मैदानी मजुरासारखा राहत नाही. त्यानंतर संख्याशास्त्र, तेही ‘आर’ या फुकट सॉफ्टवेअरवर. पण मी सर्वांत वर ठेवीन ती ओळख. पावसाळ्यात पठारावरचं गवत पाहून नाव सांगणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पक्षी सगळ्यांनाच येतात. गवत, बेडूक, कोळी, खेकडे यांतलं एक काहीतरी पकडा. आणि साधं स्वच्छ इंग्रजी लिहायला शिका, कारण अहवाल त्याच भाषेत जातो, भले तुम्ही सगळी माहिती वाळपईच्या बाजारात कोकणीतून गोळा केलेली असो.

पर्यटनात पैसा आहे म्हणतात?

आहे, ऑक्टोबर ते मे. कुंभारजुवेच्या कालव्यात मगर दाखवणं, चोडणला पक्षी, बोंडला-मोलेच्या रानात पहाटेची फेरी. पाहुणे परत परत येणारे असतील आणि तुमचं नाव सांगून येत असतील तर बरं चालतं. पावसात घरी बसावं लागतं. मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवांच्या हंगामात रखवालीचं काम निघतं. ते पुण्याचं काम आहे, पोटापाण्याचं नव्हे.

कंपन्यांच्या ‘ईएसजी’ (पर्यावरण, समाज, कारभार) नोकऱ्या?

शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून देशातल्या वरच्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण-सामाजिक अहवाल सक्तीचा केला आहे. पगार चांगले, पण खुर्च्या मुंबई-बंगळुरूत, आणि त्यांवर बसतात बहुधा एमबीए आणि सीए. इकॉलॉजीवाल्याला आकड्यांची भाषा आली तर शिरकाव होतो.

परदेशी?

इरास्मस मुंडुस शिष्यवृत्ती नीट बघा. एमएस्सीसाठी महिना १,४०० युरो मिळतात आणि फी वेगळी भरावी लागत नाही. स्पर्धा जबर आहे. पण पदवीच्या तीन वर्षांत स्वतःच्या गावातल्या एखाद्या ओढ्याची धड नोंद ठेवलेली असली तर अर्ज उठून दिसतो.

‘अनुभव मिळेल’ म्हणून फुकट काम करावं का?

एकदा, पंधरा दिवस, आणि शिकवणारा माणूस खरोखर बरोबर असेल तर. ‘स्वयंसेवक हवेत’ असं लिहून प्रकल्पाचा निधी मात्र भरपूर असेल तर नको.

मुलगी रानात फिरणार, साप-जळवांचं काय? विमा कोण काढतं?

फारच थोडे जण विचारतात, आणि विचारायलाच हवा असा हा प्रश्न आहे. सुटं काम घेणाऱ्याचा विमा बहुतेक वेळा कुणीच काढत नाही. मी पहिली चार वर्षं विम्याविना हिंडले. मग चोर्ल्याच्या पठारावर बेडूक मोजताना माझा सोबती घसरला आणि मनगट मोडून घेतलं. इस्पितळाचा खर्च आम्ही तिघांनी वाटून भरला, काम देणाऱ्यानं फक्त “काळजी घ्या” असा मेसेज पाठवला. आता माझी अपघात विम्याची वेगळी पॉलिसी आहे आणि तिचा हप्ता मी दरात धरते. तेवढं जमत नसेल तर बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी घ्या: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. सर्पदंशानं मृत्यू झाला तरी ती लागू होते, पण इस्पितळाचे कागद लागतात आणि उपचाराचा खर्च तीत मिळत नाही. हप्ता दर वर्षी मेअखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. त्या दिवशी खात्यात २० रुपये आहेत ना, तेवढं बघून ठेवा. आमच्या धंद्यात नसतातही कधी कधी.